पाहुण्यांचं पाणी

माझी ताई मैलापाण्याचा पंप चालवते. चालवायची म्हणा आता. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी नाक आक्रसतो, मग चेहरा सरळ करून "वा, बाईमाणूस असून" वगैरे सुरू करतो. मला दोन्हींचा राग येतो. मला तसा सगळ्याचाच राग येतो. जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचं माझं दुकान आहे आणि गावात मला फ्यूज म्हणतात, कशावरूनही उडतो म्हणून. पण ताईच्या बाबतीत जे झालं त्यात उडायचं कारण नव्हतं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल दुकानात यावं. स्टूल देतो बसायला.

आमच्या नदीवर तीन गावं आहेत. गावं म्हणायची सवय, तशी तिन्ही शहरंच झालीत. वरचं गाव रंगाच्या कारखान्यांचं, मधलं आमचं, आणि खालच्या गावात ताईची लेक दिलीय. वरच्यांनी सोडलेलं पाणी आम्ही पितो, आम्ही सोडलेलं खालचे पितात. एवढी सरळ गोष्ट आहे. पण आमच्या गावात कुणालाही विचारा, तो फक्त वरच्यांबद्दल बोलेल. नळाला येणारा वास, पोरांच्या अंगावर उठणारी खाज, पांढऱ्या कपड्यांना चढणारी जांभळट कळा, सगळं वरच्यांमुळे. खोटं नव्हतंच ते. मीही दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्यांचा उद्धार केलाय, अगदी सात पिढ्यांपर्यंत. खाली कोण राहतं याची मात्र कुणाला आठवण नसायची, आणि राहिलंच कुणी, तर त्यांचं ते बघतील.

ताईची गोष्ट अशी, की पंपावर आधी भावोजी होते. ते अचानक गेले तेव्हा लेक रांगत होती. नोकरी ताईला मिळाली आणि सोबत पंपघराला चिकटून असलेल्या दोन खोल्या. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. ताईने पदर खोचला आणि म्हणाली, गावाचं पोट साफ ठेवायचं काम आहे, कुणीतरी करायलाच हवं. पहिल्या दिवशी मैला साठतो त्या विहिरीच्या काठावर तिला भडभडून उलटी झाली. तोंड धुऊन ती पुन्हा जाळी साफ करायला लागली. जाळीत काय काय अडकतं ते ती जेवताना सांगायची आणि मी ताटावरून उठलो की खळखळून हसायची.

पंपाला ती "हे" म्हणायची. "आज ह्यांची तब्येत बरी नाही," म्हणाली की समजायचं, बेअरिंग वाजतंय. मग मी पाने घेऊन जायचो. "तुझ्या भावोजींपेक्षा बरे आहेत," असंही म्हणायची, "दिवसरात्र घरघर करतात पण कामाला चुकत नाहीत." लेक त्या घरघरीतच वाढली. पंप चालू असला की पोर गाढ झोपायची, बंद पडला की दचकून उठून बसायची.

पंप दोनच वेळा बंद पडायचा. एक, बिघडला की. आणि दुसरं, पाहुणे येणार असले की.

हे पाहुणे म्हणजे तिन्ही गावांची नदी समिती. वरच्या गावाच्या आणि आमच्या मध्ये एक पूल, आमच्या आणि खालच्या गावाच्या मध्ये दुसरा. ठरलेल्या दिवशी समितीने आधी वरच्या पुलावर जायचं, मग खालच्या पुलावर, आणि मधोमध उभं राहून दोरीने बादली सोडून पाण्याचा नमुना घ्यायचा. गंमत अशी की बादली वर ओढताना दोरीला तिन्ही गावांच्या माणसांचे हात लागलेच पाहिजेत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तुम्ही मध्येच काहीतरी केलंत. इतका एकमेकांवर विश्वास. आणि तिघांनी हजर राहायचं म्हणून तारीख महिनाभर आधी सगळ्यांना कळवायची.

आता तारीख आधी कळल्यावर काय होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. वरचे आदल्या रात्रीपासून त्यांच्याकडच्या धरणाची दारं उघडायचे, नदी दुथडी भरून वाहायची, रंग कुठल्या कुठे. आणि आमच्याकडे ताईला साहेबांचा फोन यायचा. साहेब म्हणजे नगरपालिकेचे, सांडपाणी सांभाळणारे. फोनवर एवढंच म्हणायचे, "ताई, पाहुणे येतायत." की ताईने पंप बंद करायचा.

पंप बंद केल्यावर मैलापाणी जायचं कुठे? तर बाजूला शुद्धीकरण केंद्र आहे ना आमचं! भल्यामोठ्या टाक्या आहेत, कोनशिला आहे, कोनशिलेवर नावं आहेत. उद्घाटन झालं तेव्हा बँड वाजला होता. त्यानंतर तिथे एक थेंब पाणी शुद्ध झालेलं नाही. रोज पंप मैला थेट नदीत ढकलतो आणि टाक्यांत कुत्री झोपतात. फक्त पाहुण्यांच्या वेळी विहीर तुंबून ते पाणी चराने त्या टाक्यांत जायचं. पाहुणे चहा पिऊन गेले की साहेबांचा दुसरा फोन यायचा, आणि दोन दिवसांचं साठलेलं, कुजलेलं सगळं एकदम नदीत. घाण लपवायला गावाने एवढं मोठं केंद्र बांधलं, असं मी म्हणायचो. ताई म्हणायची, हळू बोल.

तिला वरून हुकूम यायचा, ती पाळायची. पोरीला एकटीने वाढवणारी बाई साहेबांना नाही म्हणत नसते. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही, होतं ते सांगतोय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाने समितीकडे वरच्यांविरुद्ध तक्रार गुदरली. मोर्चा निघाला, आमच्या नगराध्यक्षांनी टेबल आपटून भाषण केलं. सुनावणी आमच्याच सभागृहात होती आणि ताई आणि मी मागच्या बाकावर होतो. वरच्यांचे सचिव उठले. साखर पेरल्यासारखं बोलणारा माणूस, आम्ही त्याला साखरतोंड्या म्हणतो. त्याने शांतपणे मागच्या सगळ्या वर्षांचे खालच्या पुलावरचे आकडे वाचले. पाणी स्वच्छ, दर वेळी स्वच्छ. मग हात जोडून म्हणाला की अध्यक्षमहाराज, तुमच्या गावातून बाहेर पडताना जर नदी इतकी स्वच्छ असेल, तर तुमच्या गावात शिरताना ती घाण कशी असेल? की तुमच्या गावातून वाहिल्याने नदी धुतली जाते?

सभागृह हसलं. अध्यक्ष काय बोलणार? आमची घाण आम्ही लपवतो, म्हणून तुमचीही लपते, असं? तक्रार फेटाळली. वरच्यांची घाण आम्ही स्वतःच्या हाताने धुऊन, वाळवून, इस्त्री करून त्यांना परत दिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच संध्याकाळी साहेबांचा दुसरा फोन आला होता, कारण सुनावणीसाठी सकाळी पाहुणे पुलावर जाऊन आले होते. ताईने नेहमीप्रमाणे पंप सुरू केला.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. मी तिथेच होतो, ह्यांचं बेअरिंग बदलत होतो. ताईने फोन कानाला लावला आणि नेहमीसारखं विचारलं, कशी आहेस, छोटी काय करते. छोटी म्हणजे लेकीची लेक, दोन वर्षांची. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. नंतर तिने सांगितलं. लेक रडत नव्हती, ओरडत नव्हती. एवढंच म्हणाली होती, "आई, तुमचे पाहुणे गेले वाटतं. छोटीला सलाईन लावलंय."

तिला माहीत होतं. पंपघरात वाढलेली पोर ती, पंप का थांबतो आणि सुरू झाल्यावर काय जातं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्न झाल्यापासून दर वेळी पाहुणे गेले की चौथ्या दिवशी तिच्या नळाला वास येत होता आणि ती गप्प होती, आईच्या नोकरीकडे बघून. आणि आमची ताई काय करायची? लेकीकडे जाताना घरून उकळलेल्या पाण्याचा कॅन घेऊन जायची. विहीणबाई एकदा बोलल्याही होत्या, "आमच्याकडे पाणी मिळतं हो." ताईला तो टोमणा वाटला होता. खालच्या गावाचं पाणी वाईट, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते वाईट करतं कोण, हा प्रश्न माझ्या बहिणीला इतक्या वर्षांत पडला नाही! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, ते असं.

छोटी आठवड्याने घरी आली. ताई तिला बघून आली. कॅन नेला नव्हता.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला, पाहुणे येतायत म्हणून. ताई म्हणाली, "येऊ द्या." साहेबांना वाटलं, झालं काम.

सकाळी ती माझ्या दारात आली. चांगली साडी नेसली होती. म्हणाली, खालच्या पुलावर जायचंय, येतोस का. आम्ही पंपघरावरून निघालो आणि माझ्या कानावर ती घरघर आली.

"ताई, पंप बंद करायचा राहिला."

"राहिला नाही," ती म्हणाली.

मी रस्त्यातच तिला फाडून खाल्लं. नोकरी जाईल, घर जाईल, निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत, वरचे आपल्याला हसतील, गाव तुला उभी जाळेल. जे सुचलं ते सगळं बोललो. ती भराभर चालत राहिली. पुलाच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, "छोटी माझ्या हातचं पाणी पिते रे." मग मीही तिच्यामागे पुलावर चढलो. दुसरं काय करणार?

पुलावर तिन्ही गावं हजर होती. आमचे अध्यक्ष आणि साहेब, वरचा साखरतोंड्या, आणि खालच्या गावाकडून तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. छोटीला सलाईन त्यांनीच लावलं होतं. बादली खाली गेली. दोरीला तिघांचे हात लागले. बादली वर आली आणि आधी वास आला. पाणी राखी, वर साय धरलेली, आणि कडेला जे तरंगत होतं ते मी लिहीत नाही. साखरतोंड्याने नाकाला रुमाल लावला. अध्यक्षांनी दोरी सोडून दिली. डॉक्टरीणबाई तेवढ्या हलल्या नाहीत. दोरी घट्ट धरून बादलीत बघत राहिल्या.

साहेबांना घाम फुटला. घाईघाईने म्हणाले, पंपात काहीतरी बिघाड झाला असावा.

"पंपात बिघाड नाही साहेब," ताई मागून म्हणाली. सगळे वळले. "पंप रोज असाच चालतो. पाहुणे आले की बिघडतो."

मग साखरतोंड्याला राहवेना. आनंद नुसता उतू जात होता त्याचा. हात उंचावून म्हणाला की बघा, म्हणून मी केव्हापासून सांगतोय, या तारखा ठरवून मोजण्यात काही अर्थ नाही. कधीही, न सांगता, कुणीही बोलवावं आणि बाकीच्यांनी निघावं, तरच खरं काय ते कळेल. बापजन्मात तो असं कधी म्हणाला नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "दोन्ही पुलांवर?" आणि तो त्या भरात म्हणाला, "अर्थातच, दोन्ही." बाईंनी तिथल्या तिथे कागद काढून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आमच्या अध्यक्षांनी डोळे मिटून सही केली. साखरतोंड्या पेन परत देताना थबकला, त्याचं हसू हळूहळू विरलं. पण सही वाळली होती.

ताईला दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं. कारण लिहिलं, पंप वेळेवर बंद न केल्यामुळे. मी ते वाचून साहेबांच्या खोलीत गेलो आणि विचारलं की मग रोज कोणत्या वेळेला बंद करायचा असतो ते लिहून द्या. शिपायाने मला बाहेर काढलं. त्या खोल्याही रिकाम्या कराव्या लागल्या. पंचवीस वर्षांचा संसार माझ्या हातगाडीवर दोन फेऱ्यांत मावला. ताई माझ्याकडे राहायला आली. माझं घर पंपघराच्या मागच्याच गल्लीत आहे.

आणि गाव! काय वर्णावं. घरभेदी म्हणाले तिला. वरच्यांना फितूर झाली म्हणाले. किराणावाला तिच्याशी बोलेना. वर्षानुवर्षं जांभळं पाणी पिऊन ज्यांच्या पोरांना खाज सुटली, ते वरच्यांवर कधी एवढे चिडले नव्हते, जेवढे माझ्या बहिणीवर चिडले. मी तिघांशी भांडलो, एकाची कॉलर धरली. ताई म्हणाली, कशाला डोकं तापवतोस, त्यांनाही घाण दिसली ना आपली, लाज वाटतेय. मी म्हटलं, लाज वाटणाऱ्यांची तोंडं अशी नसतात.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी न सांगता वरच्या पुलावर सगळ्यांना बोलावलं. धरणाची दारं बंद होती. बादली वर आली ती जांभळी. तिघांचे हात दोरीला होते, त्यात साखरतोंड्याचाही. आमची फेटाळलेली तक्रार पुन्हा उघडली, या वेळी वरच्यांचे चार कारखाने बंद झाले. आमच्या नळाचा वास कमी झालाय, खरंच झालाय. अध्यक्षांनी सत्कार करून घेतला, स्वतःचा. ताईला कुणी बोलावलं नाही. तिचं निलंबन तसंच आहे आणि चौकशी चालू आहे म्हणतात. आमच्या शुद्धीकरण केंद्राच्या टाक्यांत कुत्री अजून झोपतात.

आज दुपारी आम्ही जेवत होतो. ताई मला वाढत होती, मी साहेबांच्या नावाने बोटं मोडत होतो, नेहमीचंच. आणि घरघर थांबली.

मला आधी कळलंच नाही. कानाला इतकी सवय झालेली असते की आवाज गेल्यावर नुसतं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ताईचा हात मात्र भातावरच थांबला. मी म्हटलं, नवा माणूस आहे, बेअरिंग गेलं असेल. ती मान हलवून म्हणाली, बेअरिंग जाताना ओरडतं. हे शहाण्यासारखे थांबले.

तिने हात धुतले आणि फोन उचलला. पहिला लेकीला. "नळाला चांगलं पाणी आहे तोवर हंडे, बादल्या, सगळं भरून ठेव. वास यायला लागला की दोन-चार दिवस छोटीला तेच दे, उकळून." पलीकडून लेकीने काहीतरी विचारलं. ताई म्हणाली, "हो. पाहुणे येतायत." इतक्या वर्षांत हे वाक्य तिने लेकीला पहिल्यांदा सांगितलं. फोन ठेवल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला, पण क्षणभरच.

दुसरा फोन डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या, आम्ही निघालोच होतो खालच्या पुलावर यायला, आत्ता सकाळीच बाकी दोघांना कळवलं. म्हणजे आमच्या लोकांना बोलावणं पोचलं आणि त्यांनी आधी काय केलं, तर पंप बंद! अजूनही! एवढं होऊन! मी पाना घेऊन उठलोच होतो, पंपघराचं दार आज उखडतोच म्हणून. ताईने माझं मनगट धरलं आणि फोनवर म्हणाली, "बाई, आज येऊ नका. आज पाणी चांगलं असणार. बाकीच्यांना सांगा, गाडी बंद पडली, आता पुन्हा कधीतरी बघू. इकडे पंप सुरू झाला की मी फोन करते. तेव्हा लगेच निघा, बाकीच्यांना पुलावर पोचल्यावरच बोलवा, आणि दोरी घेऊन या."

ताटं तशीच राहिली. ती दाराशी, पंपघराच्या बाजूला कान करून बसलीय, मांडीवर फोन. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, गप्प बस जरा, आवाज ऐकू येऊ दे. आता मी तिच्या शेजारी बसलोय आणि तोंडातून शब्द काढत नाहीये.